तारेतून येणारी वीज

आमच्या पिढीच्या मनात घराला मिळणाऱ्या सेवांचे खण स्वतंत्र होते. नळ नगरपालिकेचा, दिवे वीजमंडळाचे आणि टेलिफोन टेलिफोन खात्याचा. प्रत्येकाचे बिल निराळे, खांब निराळा, दुरुस्तीला येणारा माणूस निराळा आणि प्रत्येकाचा रुसवाही निराळा. एकाने दगा दिला म्हणून दुसरा देईलच असे नसे. बडोद्यात उन्हाळ्याच्या दुपारी लाईट गेली की पंख्याखाली लवंडलेली मंडळी उठून ओसरीवर येत आणि घरातले एखादे पोक्त माणूस काळ्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून तक्रार नोंदवायला बसे. लाईट गेल्याची तक्रार टेलिफोनवरून करायची, यात काही नवल आहे असे कोणाला वाटत नसे. आम्हालाही चाळीस वर्षे वाटले नाही.

त्यातले नवल आम्हाला उलगडून सांगितले ते आमच्या जुन्या दांडिया बाजारातल्या घराशेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांनी. ते एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते आणि संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बोलण्याचा त्यांना छंद होता. 'तुमच्या घरातला टेलिफोन तुमच्या घरातल्या विजेवर चालतच नाही,' ते म्हणाले. 'आम्ही तुम्हांला आवाज पाठवतो, त्याबरोबर वीजही पाठवतो.' एक्स्चेंजच्या तळमजल्यावर एक बॅटरीची खोली असते, तीत शिशाच्या पत्र्यांचे आणि आम्लाचे चोवीस घट ओळीने मांडलेले असतात, प्रत्येक घटाचे दोन व्होल्ट, मिळून अठ्ठेचाळीस. आणि त्या अठ्ठेचाळीस व्होल्टांवर सारे शहर बोलते, असे त्यांनी बोटे मोजून सांगितले. शहराची वीज त्या घटांना सतत भरत राहते. ती गेली तरी घट जोडलेलेच असल्यामुळे बोलणाऱ्याला पापणी लवण्याएवढाही खंड जाणवत नाही. घट उतरू लागण्याआधी डिझेलचे जनित्र सुरू करायचे, ही तिथल्या माणसांची जबाबदारी. त्या खोलीत आम्लाचा उग्र वास भरलेला असे आणि तिथे काम करणाऱ्यांच्या धोतरांना बारीक भोके पडत, हा तपशीलही त्यांनीच पुरवला.

पुढे आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचले. टेलिफोन जन्माला आला तेव्हा अशी सोय नव्हती. प्रत्येक यंत्राशेजारी स्वतःची बॅटरी असे आणि पलीकडच्याला हाक द्यायची तर हाताने दांडा फिरवून वीज निर्माण करावी लागे. घरोघरच्या या बॅटऱ्या उतरत, गळत, आणि त्या बदलण्यासाठी माणसे दारोदार हिंडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी शहाणपणाने ठरवले की या सगळ्या बॅटऱ्या घरांतून काढाव्यात आणि मध्यवर्ती ठिकाणी एकच मोठी ठेवावी. आम्हाला हा बदल टेलिफोनच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. एका यंत्राला बोलण्यासाठी लागणारी वीज ती किती! एका अँपिअरच्या हजार भागांतले वीस-तीस भाग. आणि तीही रिसीव्हर उचललेला असेल तेवढ्यापुरतीच. खाली ठेवला की काही नाही. घंटा वाजवायला मात्र जोराचा उलटसुलट प्रवाह सोडावा लागे, पाऊणशे व्होल्टांच्या आसपासचा. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती तार असताना नेमका कोणाचा फोन आला तर तो कोणाच्या नावाने शिव्या देई, हे आमच्या वयाच्या वाचकांनी कधी ना कधी ऐकले असेल.

त्या काळाचे आम्हाला उगाच कौतुक करायचे नाही. जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे आमच्या नात्यातच होती. फोन आल्यावर पेढे वाटले जात आणि पहिल्या पावसात जमिनीखालच्या केबलीच्या सांध्यात पाणी शिरले की तोच फोन महिनाभर 'डेड' पडे. डेड हा इंग्रजी शब्द आमच्या आजीला येत होता तो केवळ टेलिफोनमुळे. दिवाळीला लाइनमनच्या हातावर काही ठेवले नाही तर काय होते, हेही सर्वांना ठाऊक होते. सांगायचे एवढेच की तो फोन पुष्कळ कारणांनी बंद पडे. पण घरात लाईट नाही हे त्यांतले कारण नसे.

आणि या गुणाची जाण आपल्या देशातल्या अभियंत्यांना नीट होती. सॅम पित्रोदा यांचे पदव्युत्तर शिक्षण आमच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, याचा इथल्या लोकांना अभिमान आहे. १९८४ साली सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि तिच्या अभियंत्यांनी १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. परदेशी एक्स्चेंजांना गार हवेची बंद खोली लागे. हे यंत्र धूळ, उकाडा आणि लहरी वीज यांच्यातच चालायचे आहे असे धरून आखले होते. त्यांतले पहिले १९८६ साली कित्तूरला बसले. बेळगाव जिल्ह्यातले कित्तूर इतिहासात राणी चन्नम्मांमुळे प्रसिद्ध आहे. पण टेलिफोनच्या इतिहासातही त्याची नोंद आहे, हे बेळगावच्या आमच्या स्नेह्यांना सांगितले तेव्हा त्यांनाही नवे होते. त्या यंत्राची क्षमता किती, त्यापेक्षा ते बनवणाऱ्यांनी कशाची अपेक्षा धरली होती याकडे आमचे लक्ष अधिक जाते. वीज जाणार, वारंवार जाणार, तासन्‌तास जाणार, हे गृहीत धरून त्यांनी पहिली रेघ ओढली.

आता थोडे घरचे.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, अकोट्याला राहतात. यजमान गेल्यापासून एकट्याच. मुलगा पुण्याला, नातू इंग्लंडात. विश्वामित्री नदीच्या त्या तीरावर त्या आणि या तीरावर कारेलीबागेत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही उभयता. मधले अंतर चार-पाच किलोमीटरचे, पण मध्ये नदी आहे. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी एरवी इतकी क्षीण असते की पाहुण्यांना ती नाला वाटते. तिच्यात मगरी आहेत हे सांगितले तर ते हसतात. पावसाळ्यात मात्र पावागडकडचा पाऊस आणि आजव्याच्या तलावातून सोडावे लागणारे पाणी एकत्र आले की तीच नदी शहर दुभंगून टाकते. सयाजीरावांच्या कारकीर्दीत बांधलेल्या ज्या तलावाने बडोद्याची तहान भागवली, त्याच्या पातळीकडे आम्ही सारे ऑगस्टात धास्तीने पाहत असतो.

२००५ साली जूनच्या अखेरीस असाच पूर आला होता. अक्कांच्या गल्लीत दोन दिवस लाईट नव्हती. टेलिफोन मात्र चालू होता. गल्लीत तेव्हा मोबाइल होते, पण ते उतरले आणि भरायला वीज नव्हती. मग सात घरांची माणसे अक्कांच्या ओसरीवर येऊ लागली. अक्कांनी एक वही काढली. कोणी कुठे फोन केला, कोणाचा निरोप आला आणि तो कोणाला द्यायचा, याची टिपणे तीत होती. पैसे घेतले नाहीत. पण एकाने तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचे नाही असा दंडक घातला आणि तो एका निवृत्त न्यायाधीशांनाही लागू केला. ती वही आम्ही पाहिली आहे. आम्ही स्वतः त्या दोन दिवसांत अक्कांना दिवसातून चार वेळा फोन करत होतो, आणि चारही वेळा आधी रांगेतल्या कोणाचे तरी बोलणे संपण्याची वाट पाहावी लागे.

पुढे तांब्याच्या तारेवर खरखर वाढली. तक्रारीला येणारी माणसे कमी झाली, मग येईनाशी झाली. एक दिवस एका कंपनीचा तरुण अक्कांच्या दारी आला. नवी तार काचेची आहे, बोलणे फुकट, शिवाय नातवाचा चेहरा दिसेल, असे त्याने सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. त्याने भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारी पांढरी पेटी बसवली, तिची पिन शेजारच्या खटक्यात खोचली आणि जुन्या तारेची दोन टोके तशीच लोंबती सोडली. अक्कांनी त्याला एकच प्रश्न विचारला, 'लाईट गेली तर?' तो म्हणाला, 'माजी, इन्व्हर्टर लावून घ्या ना.'

हे उत्तर आम्ही अनेकदा मनात घोळवले आहे. काचेच्या तारेतून आवाज प्रकाशाच्या रूपाने धावतो. मराठीत गमतीने म्हणता येईल की ही तार लाईट वाहून नेते, पण लाईट गेली की मुकी होते. तांब्याची तार आवाजाबरोबर वीज आणत असे. काच वीज आणू शकत नाही, तो तिचा दोष नव्हे, धर्म आहे. प्रकाशाचा पुन्हा आवाज करण्यासाठी जी दहा-पंधरा वॅट वीज लागते ती ग्राहकाने आपल्या घरातून द्यायची. ज्या बॅटऱ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घराघरातून उचलून एका खोलीत नेल्या होत्या, त्या पुन्हा घराघरात आल्या. फरक इतकाच की तेव्हा त्या कंपनी देत असे, आता आपण विकत घ्यायच्या.

मोबाइलची गोष्ट थोडी निराळी, पण फार निराळी नाही. मनोऱ्यावरची यंत्रे चालतात ती त्याच अठ्ठेचाळीस व्होल्टांवर. ओट्यावरचे गृहस्थ आज असते तर हे ऐकून सुखावले असते. मनोऱ्याच्या पायथ्याशी बॅटऱ्यांचे कपाट असते, अनेक ठिकाणी डिझेलचे जनित्रही असते. पण एका शहरात एक्स्चेंजे मोजकी आणि मनोरे शेकडो. एका खोलीत चोवीस तास माणूस बसवता येतो, शेकडो गच्च्यांवर येत नाही. बॅटरी काही तास निभावते. त्यापुढे डिझेल घेऊन कोणीतरी यावे लागते. आणि ज्या पुराने वीज तोडलेली असते त्यानेच रस्ताही तोडलेला असतो. शिवाय मनोरे एकमेकांचा हात धरून उभे असतात. ज्याच्यातून पुढच्या चार मनोऱ्यांचे बोलणे जाते तो एक बसला, की मागचे चार वीज असूनही निरुपयोगी. उरलेल्यांवर साऱ्या वस्तीचा भार पडतो आणि तेही गुदमरतात. हातातल्या यंत्राची तऱ्हा तर विचित्रच. मनोरा दूर गेला की ते जोर लावून हाका मारू लागते, आणि जितका प्रतिसाद कमी तितकी त्याची बॅटरी लवकर संपते. माणूस घाबरला की धावतो आणि धावल्याने लवकर दमतो, तसेच हे.

२०१९ च्या जुलैअखेरीस बडोद्यात एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हाही शहर पाण्याखाली होते, परंतु आमच्या भागात लाईट लवकर आली आणि ही सगळी विद्या आम्हाला शिकावी लागली नाही. ती शिकलो २०२४ च्या ऑगस्टात.

सोमवारी, २६ तारखेला गोकुळाष्टमी होती. दिवसभर पाऊस कोसळत होता. मंगळवारी पहाटे आमच्या इमारतीची लाईट गेली. रोहित्रे पाण्यात गेलेल्या वस्त्यांचा पुरवठा सुरक्षिततेसाठी बंद ठेवत होते आणि ते योग्यच होते. पाण्यात उभ्या असलेल्या शहरात वीज सोडणे म्हणजे माणसे मारणे. नदीची धोक्याची पातळी पंचवीस फुटांची. ती तिने ओलांडली, आणि मग पस्तीस फुटांच्याही वर गेली. इमारतीखाली मोटारींची टपे तेवढी दिसत होती. मगरी रस्त्यांवर आल्याच्या बातम्या येत होत्या, आणि या वेळी त्यांना कोणी हसत नव्हते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अक्कांचा मोबाइलवरून फोन आला. काचेच्या तारेचा फोन रात्रीच बंद पडला होता. 'पाणी फाटकातून आत आलंय, मी वरच्या खोलीत जाते. इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे रे, आणि फ्रिज...' एवढ्यावर आवाज तुटला. आम्ही परत लावला. आधी 'नेटवर्क व्यस्त आहे' असे ऐकू आले, मग तेही ऐकू येईना. अर्ध्या तासाने आमच्याच यंत्रावरच्या रेघा एक-एक करून मावळल्या.

त्र्याऐंशी वर्षांची बाई, मधुमेही, घरात एकटी, खाली पाणी. आणि आपण चार-पाच किलोमीटरवर कोरड्या तिसऱ्या मजल्यावर हातावर हात ठेवून बसलेले. नदीवरचे पूल बंद केल्याचे ऐकू येत होते. इमारतीच्या पायऱ्यांवरच छातीभर पाणी होते. आपत्तीच्या वेळी लावायचे क्रमांक सर्वांना पाठ होते, पण ते लावायला फोन कुठे होता? त्या दिवशी दुपारी आमच्या पत्नीने बऱ्याच वेळाने एक वाक्य उच्चारले, 'लंडनला राहत असती तर एव्हाना कळलं असतं.' हे शब्दशः खरे ठरले. आमच्या इमारतीतल्या एकांचा एका कंपनीचा क्रमांक गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात उभे राहिल्यास अधूनमधून जागा होत असे. त्यावर पुण्याहून भाच्याचा त्रोटक संदेश आला: 'आईचा फोन लागत नाही. तुम्हांला काही कळले का?' म्हणजे पुण्याला वाटत होते की बडोद्याला माहीत असेल, आणि बडोदे पुण्याकडे डोळे लावून बसले होते.

गच्चीचा तो कोपरा दोन दिवस इमारतीचे टपाल कार्यालय झाला. कोणता फोन सुरू ठेवायचा आणि कोणते बंद, यावर वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकांनी सभा घेतली. ठरले ते असे: इमारतीत एका वेळी प्रत्येक कंपनीचा एकच फोन सुरू राहील, बाकीचे बंद, सकाळी आठ आणि रात्री आठ याच वेळा, बोलायचे नाही, लिहायचे. बोलण्यासाठी वाट सलग मोकळी लागते. चार शब्दांचा लेखी संदेश मात्र संकेतांच्या चिंचोळ्या वाटेने जातो, आणि पलीकडचा फोन बंद असला तरी मध्यवर्ती केंद्रात थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रात्री आठला पाठवलेले आमचे संदेश पहाटे तीनला पोचल्याचे नंतर कळले. तरुण मुलांना ही साधी संदेशाची वाट जवळजवळ विस्मरणात गेली होती; त्यांची सारी भाषा इंटरनेटवरून चालणारी. आमच्याकडे मात्र बटणांचा एक जुना मोबाइल होता. तो एकदा भरला की चार दिवस चालतो. घरात ज्याची चेष्टा होई त्या यंत्राला त्या दोन दिवसांत मोठा मान मिळाला.

अक्कांचा मात्र संदेशही आला नाही. बुधवार तसाच गेला. ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी लावून आम्ही बातम्या ऐकत होतो. पाण्याची पातळी कळत होती, अमुक वस्तीतून अमुक माणसे बाहेर काढली हे कळत होते. सबंध शहराचे कळत होते, एका घराचे कळत नव्हते.

गुरुवारी पाणी उतरू लागले. दुपारी इमारतीतली दोन मुले, त्यांतला एक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा, आपण होऊन म्हणाली की आम्ही अकोट्यापर्यंत जाऊन येतो. आम्ही नको म्हटले, ती ऐकती ना. पावणेपाचच्या सुमारास ती चिखलाने माखून परत आली. दिनदर्शिकेचे फाडलेले पान होते, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने अक्कांचे वळणदार अक्षर: 'बाळ, मी वर आहे, बरी आहे. इन्सुलिन पिशवीत बांधून माठाच्या पाण्यात ठेवले आहे. शेजारून पोळी-भाजी येते. खालचे सामान गेले, पेटीतल्या तुझ्या पत्रांसकट. दोन दिवस वाट पाहिली, फोन का नाही केलास?'

माठाची युक्ती त्यांना कोणी सांगितली, असे पुढे विचारले. त्या म्हणाल्या, पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा डॉक्टरच सांगत. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला बराच वेळ लागला. फोन का केला नाही, हे त्यांना खरोखरच कळत नव्हते. २००५ साली पाणी होते, लाईट नव्हती आणि फोन चालू होता. त्यांच्या हिशेबी पूर आणि फोन यांचा काही संबंध नव्हता. भावाने फोन केला नाही, याचे कारण भावापाशीच असणार.

यानंतर आम्ही काही व्यवस्था केल्या. दोन्ही घरांच्या पांढऱ्या पेट्यांना छोट्या बॅटऱ्या जोडल्या. प्रत्येक घरी बटणांचा एकेक मोबाइल, दोघांच्या कंपन्या मुद्दाम वेगळ्या. महत्त्वाचे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, कारण हल्ली स्वतःच्या मुलाचा क्रमांकही कोणाला पाठ नसतो. हे सर्व करायला आम्हाला दोन-तीन हजार रुपये लागले आणि एक शिकलेला भाचा लागला. ज्यांच्यापाशी दोन्ही नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न आम्हाला त्या बॅटरीच्या खोलीकडे परत नेतो. ती खोली महागडी होती, पण ती सर्वांची होती. न्यायाधीशांची आणि त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची वीज एकाच घटातून येई. बाईंकडे स्वतःचा फोन नव्हता हे खरे, पण अक्कांच्या ओसरीवरच्या रांगेत त्या होत्या.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर येत होते तेव्हा कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा जिवंत मनोरा वापरता यावा, अशी सोय दूरसंचार खात्याने काही जिल्ह्यांत काही दिवसांसाठी खुली केली होती. ही फार शहाणपणाची गोष्ट. ती वादळापुरती का असावी, हे मात्र आम्हाला समजत नाही. त्याच वर्षी सर्वांचे मोबाइल एकाच वेळी कर्कश आवाजात ओरडवून धोक्याच्या सूचनेची देशभर चाचणी झाली, तेव्हा आमच्या हातातला चहा सांडला होता. ती व्यवस्थाही उत्तम. फक्त ती मनोऱ्याच्या खाली उभी आहे, आणि मनोरा बॅटरीच्या कपाटावर.

अक्कांच्या नातवाने इंग्लंडातली हकीकत कळवली. तिथे तांब्याच्या तारेवरची सारी जुनी सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायची आहे. मुदत आधी २०२५ अखेरची होती, ती पुढे नेली. तिथल्या नियामकाने कंपन्यांना बजावले आहे की जे ग्राहक केवळ घरच्या फोनवर अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी आपत्कालीन सेवेशी बोलता येईल अशी सोय द्या. २०२१ च्या नोव्हेंबरातल्या आर्वेन वादळात उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली काही घरे आठवडाभर अंधारात होती, तेव्हा एक तास म्हणजे काय हे तिथल्या लोकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. नातवाला तो तास हास्यास्पद वाटतो. आम्हाला तसा वाटत नाही. कोणीतरी एक आकडा ठरवला आणि तो कंपनीच्या गळ्यात बांधला, एवढ्याचाही आम्हाला हेवा वाटतो. एकाचे चार करता येतात. शून्याचे काही करता येत नाही. पेटी बसवायला येणाऱ्या तरुणाने 'इन्व्हर्टर लावून घ्या' म्हणण्याऐवजी 'ही बॅटरी, हिच्यावर इतके तास' असे म्हणावे आणि तो आकडा बिलावर छापलेला असावा, एवढीच आमची मागणी आहे.

ती पुरी होईपर्यंत आमचा आणि अक्कांचा एक परिपाठ चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता दोन्ही घरांत पेटीची पिन भिंतीतून काढायची आणि फोन किती वेळ चालतो ते पाहायचे. मध्ये दर अर्ध्या तासाने एकमेकांना फोन करायचा. बोलायला विषय पुरत नाहीत, म्हणून अक्का त्या पेटीतल्या भिजून गेलेल्या पत्रांत काय काय होते ते आठवून सांगतात. बरेचसे आम्हाला आठवत नाही. त्यांना सगळे आठवते. मागच्या महिन्यात आमची बॅटरी चार तास दहा मिनिटे चालली, अक्कांची पावणेचार तास. त्यांनी तो आकडा दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवला आणि खाली प्रश्नचिन्ह काढले. बॅटरी बदलायला झाली आहे का, हे विचारायला भाच्याला फोन करायचा आहे.